डॉगटूथच्या कंदांसाठी फ्रिज रिकामा करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळची सातारची, आता बरीच वर्षं एडिनबरात राहते, पण पेपर अजून मराठीच लागतो, सकाळी चहाबरोबर ई-पेपर उघडल्याशिवाय करमत नाही. तुमच्या रविवारच्या पुरवणीत बागेच्या पानावर युरोपातल्या छोट्या कंदफुलांवर लेख होता. त्यात डॉगटूथ व्हायोलेटचा छान मोठा फोटो, आणि खाली लिहिलेलं की कंद पंधरा दिवस फ्रिजमध्ये ठेवा मग कोकोपीटमध्ये लावा, बाल्कनीत आल्प्स फुलेल. झालं! त्या दिवशी दुपारपासून माझा फोन जो वाजायला लागला तो थांबेना. वहिनीचा मेसेज, मावशीचा मेसेज, शाळेच्या ग्रुपवर तर यादीच सुरू झाली, "डिसेंबरात येतेयस ना, येताना आम्हाला चार-चार कंद आण गं". आता प्रत्येकीला वेगळं काय सांगत बसू, आणि लेख वाचणारे बाकीचे पण असणारच की, म्हणून तुम्हालाच लिहितेय. पत्र लांबणार आहे, कापायचं तर कापा, पण फ्रिजचं कापू नका.

फोटो एकदम बरोबर होता, त्याबद्दल काही म्हणणं नाही. ही चीज आहेच तशी. फूल सुंदर आहेच पण खरं सांगायचं तर मी लावते ते पानांसाठी. एका कंदाला दोनच पानं येतात, जमिनीलगत पसरलेली, निळसर राखाडी हिरवी आणि त्यावर चॉकलेटी-जांभळट डाग, कुणीतरी ओल्या कागदावर शाई सांडावी तसे कडा फुटलेले. एका झाडाचं पान दुसऱ्यासारखं नसतं, एकाच वाफ्यात कुठे नुसते ठिपके, कुठे अख्खं पानच तपकिरी आणि हिरवं फक्त शिरांच्या आसपास. मार्चमध्ये ही पानं घट्ट गुंडाळलेल्या टोकदार सुरळीसारखी जमिनीतून वर येतात, आणि त्या टोकाला पुष्कळदा मागच्या वर्षीचं एखादं वाळलेलं पान टोचलेलं असतं, ते तसंच अंगावर घेऊन वर येतात आणि उलगडताना बाजूला टाकतात. मी दरवर्षी ते पान काढायला जाते आणि दरवर्षी हात मागे घेते, त्याचं ते बघून घेतं.

मग दोन पानांच्या मधून एक दांडी, वीतभर सुद्धा नाही, आणि तिच्यावर एकच फूल, मान खाली घातलेलं. गुलाबी किंवा फिकट जांभळं, कधी पांढरं. थंडी असेल, आभाळ असेल तर पाकळ्या मिटून लोंबत राहतात, ऊन पडलं की अर्ध्या तासात मागे वळतात, पार उलट्या, आणि मग आतले निळे-जांभळे परागकोश दिसतात. ते बघायला गुडघ्यावर बसावं लागतं, चिखल असतो, पँट खराब होते. त्याला इलाज नाही.

आता थोडं खानदान सांगते कारण लेखात ते गोलमाल झालं होतं. नावात व्हायोलेट आहे म्हणून हे व्हायोलेट नाही, लिलीच्या कुळातलं आहे, ट्युलिपचं जवळचं नातेवाईक. शास्त्रीय नाव एरिथ्रोनियम डेन्स-कॅनिस, लिनियसनं 1753 मध्ये दिलेलं. कंद लांबट, पांढरा, एका टोकाला निमुळता, हुबेहूब कुत्र्याच्या सुळ्यासारखा दिसतो म्हणून ते डॉगटूथ. लावताना टोक वर ठेवायचं एवढंच त्यातून घ्यायचं. याच्या पंचवीस-तीस जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक उत्तर अमेरिकेत, विशेषतः पश्चिमेकडे. युरोपात पोर्तुगाल-स्पेनपासून पिरेनीज, आल्प्स, अपेनाइन्स, बाल्कन, कार्पेथियन्सपर्यंत जी आपोआप उगवते ती हीच एक. चेकियात तर मेदनिक नावाच्या एका टेकडीवरच सापडते, सझावा नदीच्या काठी, आणि ती टेकडी राखीव आहे. जपानमधल्या जातीला काताकुरी म्हणतात, तिच्या कंदापासून पूर्वी स्टार्च काढायचे, आज जपानी दुकानात काताकुरीको म्हणून जे पाकीट मिळतं त्यात बहुतेक वेळा बटाट्याचा स्टार्च असतो. हे आपलं असंच सांगितलं.

नर्सरीत पिवळ्या फुलांचं पॅगोडा नावाचं मिळतं, ते अमेरिकन जातींपासून केलेलं संकरित, उंच, जोमदार, वाढवायला सोपं, पण त्याच्या पानांवरची नक्षी अगदी पुसट. लेखातल्या यादीत नाव पॅगोडाचं आणि फोटो डेन्स-कॅनिसचा असं झालंय. पानांसाठी हवं असेल तर डेन्स-कॅनिसच, त्यात पर्पल किंग, रोझ क्वीन, स्नोफ्लेक अशा निवडी मिळतात, आणि मूळ जातीला रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचं अवॉर्ड ऑफ गार्डन मेरिटही आहे, म्हणजे इथल्या बागांमध्ये भरवशाचं समजतात.

पण कुठल्या बागांमध्ये, हा खरा प्रश्न आहे. आल्पाइन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बर्फाचं शिखर आणि खडक येतो. हे झाड तिथलं नाही. ते डोंगरउतारावरच्या पानगळीच्या जंगलात राहतं, बीच, हेझल, ओक अशा झाडांखाली, आणि वर गेलं तर डोंगरातल्या कुरणांमध्ये. त्याचं सगळं आयुष्य एका फटीत बसवलेलं आहे. बर्फ वितळलं की जमीन ओली असते आणि वरच्या झाडांना अजून पानं आलेली नसतात, त्यामुळे ऊन थेट खाली पोचतं. एवढ्या दोन-तीन महिन्यांत पानं काढायची, फुलायचं, बी धरायचं आणि पुढच्या वर्षीचा नवा कंद भरायचा. वर झाडांची पानांची छत्री उघडली की सावली पडते आणि हे पिवळं पडून गायब. माझ्याकडे जूनमध्ये त्या जागेवर काहीच नसतं, पाहुण्यांना दाखवायला नेलं तर माती दाखवावी लागते.

पानांवर डाग का, यावर वेगवेगळे तर्क आहेत. एक असा की पाचोळ्यात उन्हाचे आणि सावलीचे कवडसे पडलेले असतात, त्यात डागाळलेलं पान चरणाऱ्या जनावराच्या नजरेत भरत नाही. मला हे पटतं, कारण माझ्या स्वतःच्या नजरेत सुद्धा पहिली पानं लवकर भरत नाहीत, पायाखाली येता येता वाचतात. जसजसं पान जुनं होतं तसतशी नक्षी फिकी होत जाते. म्हणजे ज्यांना पानांची हौस आहे त्यांना सुद्धा ती थोडेच आठवडे पुरवून मिळते. वर्षभर दिवाणखान्यात ठेवायचं शोभेचं पान हे नाहीच.

आता मी कसं लावते ते सांगते, म्हणजे तुमच्या पुण्यात का नको ते सांगायला सोपं जाईल. सप्टेंबर-ऑक्टोबरात कंद मिळतात. ट्युलिपच्या किंवा आपल्या खायच्या कांद्याच्या अंगावर जसा कोरडा पापुद्रा असतो तसा याला संरक्षण देणारा जाड पापुद्रा नसतो, त्यामुळे उघड्यावर राहिला की सुकतो आणि सुकला की संपलाच. चांगला नर्सरीवाला तो ओलसर भुशात किंवा व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणारे हलके खनिज दाणे) पॅक करून देतो. सुपरमार्केटच्या जाळीच्या पिशवीत टांगलेले, हाताला हलके लागणारे, सुरकुतलेले कंद कितीही स्वस्त असले तरी मी घेत नाही. घरी आणले की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी लावायचे, दहा सेंटिमीटर खोल आणि साधारण तेवढंच अंतर ठेवून. माझ्याकडे हेझलच्या झुडपाखाली आहेत, मातीत पानांचं कुजलेलं खत भरपूर आणि निचऱ्यासाठी बारीक खडी. शेणखत, युरिया असलं काही लागत नाही. शरद ऋतूत हेझलची पानं पडतात ती झाडून काढत नाही, तिथंच राहू देते.

त्यानंतरचं काम म्हणजे काही न करणं, आणि हे आपल्या लोकांना जड जातं. उकरून बघायचं नाही, जागा बदलायची नाही. पहिल्या वर्षी रुसतं, एकच पान काढून बसतं, तेव्हा फूल यायचं नाही हे समजून चालायचं. दोन पानं आली की फुलाची आशा धरायची. दाटी झाली तर पानं वाळल्यावर लगेच उकरून वेगळे करायचे आणि लगेच परत लावायचे. उन्हाळ्यात झोपलेलं असतं तेव्हाही माती पार कोरडी ठणठणीत होऊ द्यायची नाही. ट्युलिपला उन्हाळ्यात तापलेली कोरडी जमीन आवडते, याला नाही, याला गार आणि किंचित ओल हवी. वैरी एकच, बिनशंखाच्या गोगलगायी. एका रात्रीत फुलाची मान कातरून टाकतात, मी टॉर्च घेऊन जाते आणि डब्यात गोळा करते, शेजारचे आजोबा खिडकीतून बघत असतात, त्यांना आता सवय झालीय.

बियांपासूनही येतं पण त्याला सबुरी लागते. बीला एक मऊ पांढरा तेलकट भाग चिकटलेला असतो, मुंग्यांना तो आवडतो, त्या बी ओढून नेतात, खायचं ते खातात आणि बी टाकून देतात, जंगलात याचा प्रसार असाच होतो. आपण करायचं तर ताजं बी लगेच पेरून कुंडी बाहेर थंडीत सोडून द्यायची. पुढच्या वसंतात गवताच्या काडीसारखं एकच पान येतं, कुणी नवखा असला तर तण म्हणून उपटून टाकेल. मग दरवर्षी जरा रुंद पान, आणि फूल चार-पाच वर्षांनी. इथे स्कॉटिश रॉक गार्डन क्लब आहे, 1933 सालचा, त्यांच्या सभासदांमध्ये दरवर्षी बियांची देवाणघेवाण होते. त्यात माझ्या वयाच्या, माझ्याहून मोठ्या वयाच्या बायका-पुरुष पाच वर्षांनी फुलणारं बी मागून घेतात याचं मला फार कौतुक वाटतं.

आता पुण्याकडे येते. एक गंमत सांगू का? एडिनबराचा वर्षाचा पाऊस आणि पुण्याचा वर्षाचा पाऊस जवळपास सारखा आहे, दोन्हीकडे सातशे-साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास. इथे येईपर्यंत मलाही वाटायचं की स्कॉटलंड म्हणजे नुसता धो धो पाऊस. पण इथे तो बाराही महिने भुरभुर पडत राहतो आणि पुण्यात जून ते सप्टेंबर मध्ये बहुतेक सगळा उरकतो. आणि इथे जुलैमध्ये दुपारी 19-20 डिग्री झालं की लोक आइस्क्रीमच्या रांगेत उभे राहतात. पुण्यात जानेवारीतल्या पहाटे 10-11 झालं की पेपरात हुडहुडी म्हणून बातमी येते आणि दुपारी परत 29-30. कंदाला पहाटेचे दोन तास नकोयत हो, त्याला महिनोन्‌महिने गार माती पाहिजे, रात्रंदिवस. कुंडीतली माती तर जमिनीपेक्षा लवकर तापते, त्यात बाल्कनी पश्चिमेची असली तर विचारूच नका.

मग फ्रिज. फ्रिजची युक्ती खोटी नाहीये, ट्युलिप आणि हायसिंथचे कंद असे गार करून फुलवतात लोक, पण त्यालाही पंधरा दिवस पुरत नाहीत, तीन-साडेतीन महिने लागतात, आणि शेजारी सफरचंदं ठेवली तर फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं आतली कळी मरते. आणि ते सुद्धा एका हंगामाची मजा, फूल झालं की कंद बहुतेक वेळा टाकूनच द्यायचा. डॉगटूथचं तेही नाही. एक तर फ्रिजच्या कोरड्या हवेत त्याचा कंद सुकतो, बिनपापुद्र्याचा ना तो. दुसरं म्हणजे त्याला शरदात मातीत मुळं सोडायची असतात आणि थंडी त्या मुळांसकट भोगायची असते, डब्यात बंद असताना मुळं कुठे सोडणार? आणि समजा ओल्या कोकोपीटमध्ये डबा भरून तीन महिने ठेवला, आईच्या शिव्या खाल्ल्या, आणि फेब्रुवारीत बाहेर काढला, तर दोन पानं येतील सुद्धा. पण मार्चमध्ये पुण्यात 35 च्या वर पारा. ज्या पानांनी दोन-अडीच महिने गारव्यात बसून नवा कंद भरायचा ती आठवड्यात करपणार. पुढच्या वर्षी काय उगवणार, डोंबल?

मैत्रिणींपैकी एकीनं लगेच विचारलंच, मग महाबळेश्वरला तर जमेल ना, आमचा बंगला आहे तिथे. मला वाटतं तिथे जास्त वाईट. थंडी म्हणाल तर माणसाला स्वेटर घालण्याइतकी, कंदाला पुरेल एवढी नाही. आणि ज्या महिन्यांत कंद झोपलेला असतो त्याच महिन्यांत महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तोही गार नाही, बऱ्यापैकी उबदार. लगदा होईल. भारतात कुठे लावायचंच असेल तर काश्मीर किंवा हिमाचलच्या वरच्या भागात, जिथे खरा हिवाळा आहे, तिथे जमायला हरकत नसावी. सह्याद्रीत नाही.

आता दुसरा मुद्दा, जो लेखात अजिबातच नव्हता आणि ज्याच्यामुळे मला जास्त राग आला. "परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवा" असं चक्क छापलंय. अहो, कंद, रोपं, बी हे सामानातून मोज्यात घालून आणायच्या वस्तू आहेत का? भारतात 2003 सालची प्लांट क्वारंटाइन ऑर्डर आहे, तिच्यानुसार लागवडीचा माल आणायला आयात परवाना लागतो आणि ज्या देशातून येतो तिथलं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट लागतं, म्हणजे या मालाला रोग-कीड नाही असा तिथल्या सरकारी खात्याचा दाखला. कंदाला चिकटलेल्या चिमूटभर मातीत सूत्रकृमी असू शकतात, बुरशी असू शकते. आपले निशिगंधवाले शेतकरी आधीच कंदकुजीशी झगडतायत, त्यात माझ्या मोज्यातून आणखी एक पाहुणा कशाला. काही कंदांना तर आणखी वरचे कागद लागतात. सायक्लामेन आणि स्नोड्रॉपच्या जंगली जाती जगभर इतक्या उकरल्या गेल्या की त्यांच्या व्यापारावर साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे, आणि हे दोन्ही लेखाच्या यादीत होतेच.

आणि ज्यांचे कोणी परदेशात नाहीत ते ऑनलाइन मागवतात. भाचीनं मला लिंक पाठवली, पाकिटावर डॉगटूथची निळीशार फुलं, पानं सोनेरी, शंभर बिया इतक्या-इतक्या रुपयांत, "सर्व हवामानात येते". निळं डॉगटूथ नसतं. फोटो रंगवलेला आहे. आत जे बी येईल ते मुळ्याचं असलं तरी कळायचं नाही, कारण डॉगटूथच्या बीला उगवायला हिवाळा लागतो त्यामुळे विकणाऱ्याला वर्षभर "थांबा हं ताई" म्हणायची सोय आहे. भाचीला मी सांगितलं, पैसे वाचव आणि भेळ खा.

आता तुम्ही म्हणाल की नुसतं नाही नाही काय चाललंय, मग लावायचं काय. तर हाच माझा मुख्य मुद्दा आहे की नक्षीदार पानांचं, जमिनीत दडून बसणारं आणि अचानक वर येणारं झाड हवं असेल तर ते आपल्याकडे आहे की! भुईचाफा. आमच्या सातारच्या घरी तुळशीमागे होता. एप्रिल-मेमध्ये भेगाळलेल्या मातीतून, एकही पान नसताना, सरळ जमिनीतूनच पांढरी-जांभळी फुलं येतात, सुगंध असा की सकाळी दार उघडलं की कळायचं. मग पाऊस सुरू झाला की पानं येतात, उभी, रुंद, वरून हिरव्यावर चंदेरी पट्टे आणि उलटी करून बघाल तर खालून जांभळी. दिवाळीनंतर पिवळी पडून झोपतात. तो काही कंद नाही म्हणा, हळदीच्या कुळातला आहे, खाली गड्डे असतात, पण हौस तीच भागते. आणि त्याचं वेळापत्रक आपल्या हवेला बेतून शिवल्यासारखं आहे, डॉगटूथ थंडी संपण्याची वाट बघतं, भुईचाफा उन्हाळा संपण्याची. लावायला काही विशेष नाही, उन्हाळ्याआधी गड्डे लावा, अर्धी सावली, निचरा, आणि झोपेच्या महिन्यांत पाण्याची झारी त्याच्याकडे वळवू नका, बस.

अगदी खरा कंदच हवा आणि कुंडीतच हवा, तर लेडेबोरिया सोशालिस बघा. हे दक्षिण आफ्रिकेतलं, सक्युलेंट, म्हणजे जाड रसाळ पानांची झाडं ठेवणाऱ्या नर्सऱ्यांमध्ये आपल्याकडेही दिसतं आता. छोटे जांभळट कंद मातीच्या वरच एकमेकांना खेटून बसतात, पानं चंदेरी आणि त्यावर गडद हिरवे ठिपके. वर्षभर पानं राहतात, भरपूर उजेड लागतो, पाणी बेतानं. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर जरा उंचावर ठेवा, खायचं झाड नाही ते. डॉगटूथच्या पानांवर जीव जडलाय त्यांना हे नक्की आवडेल, मी स्वतः खिडकीत ठेवलंय, कारण माझं डॉगटूथ जूनमध्ये मला सोडून जातं.

याच लेडेबोरियाचा एक भाऊ आपल्या सड्यांवर, म्हणजे सह्याद्रीतल्या कातळपठारांवर आहे, लेडेबोरिया रिव्होल्युटा. कातळावरच्या इंचभर मातीत, पहिल्या पावसाच्या आसपास येतो, पानांवर जांभळे ठिपके. कासला लोक सप्टेंबरात जातात, तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा गालिचा बघायला, तोवर याचा हंगाम उलटून गेलेला असतो म्हणून फारसा कुणाला माहीत नाही. आता मी हे लिहिलं म्हणून कुणी खुरपं घेऊन निघू नका प्लीज. कास पठार 2012 पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, तिथून काही उपटणं म्हणजे गुन्हाच, पण यादीत नसलेल्या साध्या सड्यावरूनही उपटू नका. ती माती वर्षानुवर्षं वाऱ्यानं आणि शेवाळानं जमवलेली असते, एक कंद उकरला तर शेजारच्या दहा जणांचं घर मोडतं. 

ज्यांना डॉगटूथ डोळ्यांनी बघायचंच आहे त्यांच्यासाठी, आपले टूरवाले मे-जूनमध्ये स्वित्झर्लंडला नेतात, तेव्हा ते बघायला मिळण्याची आशा जवळपास सोडा. युंगफ्राऊच्या बर्फावर तर ते नसतंच, दक्षिणेला तिचीनोच्या बाजूच्या जंगलात असतं आणि तिथे तोवर संपलेलं असतं. मुलगा-मुलगी इकडे शिकायला असतील आणि तुम्ही मार्चअखेर-एप्रिलमध्ये आलात तर एडिनबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जा, 1670 ची बाग आहे, बाहेर फिरायला तिकीट नाही. रॉक गार्डन आणि आल्पाइन हाउसकडे निवांत वेळ काढा आणि खाली बघत चाला. पोरं कॅफेत बसतील, बसू द्या.

संपादक साहेब, बागेचं पान बंद करा असं मी म्हणत नाहीये, आमच्या घरी सगळ्यात आधी तेच पान उघडलं जातं. फक्त परदेशी फुलाचा फोटो टाकला की खाली एक ओळ टाकत जा, की हे कुठल्या हवेत येतं आणि आपल्याकडे येतं की नाही. आणि कंद मागवा असं छापण्याआधी कुणी तरी कृषी विद्यापीठातल्या माणसाला एक फोन करा, पुण्यातच कॉलेज आहे, लांब जायला नको. फेब्रुवारीत भुईचाफ्यावर लेख टाका, म्हणजे लोकांना एप्रिलच्या आधी गड्डे मिळवायला वेळ मिळेल. कुणाकडे जास्तीचे असतील तर ते वाचकांनी एकमेकांना द्यावेत अशी एक चौकट पण करता येईल, आमच्या वहिनीकडे अख्खा वाफा आहे, ती द्यायला तयार आहे, मी विचारलंय तिला.

आपली,
एक वाचक, एडिनबरा
(मूळ गाव सातारा)